चुकांची फेरी

खडू संपला म्हणून वहिनी ऑफिसात गेली आणि तिथून सगळं सुरू झालं, असं नाना अजून म्हणतो. मला तसं वाटत नाही. सुरू ते केव्हाच झालं होतं, त्या दुपारी फक्त सगळ्यांच्या कानावर आलं. पण नाना म्हणजे तळघरात चाळीस वर्षं काढलेला माणूस, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हा त्याचंच ऐकू आणि खडूपासून सांगू.

वेळ दुपारी तीनची. बाहेर लख्ख ऊन. द्राक्षांची तोडणी संपून सहा आठवडे झाले होते, मळ्यातल्या वेलींवर पान राहिलं नव्हतं, आणि नवी वाइन टाक्यांतून उपसून पिंपांत जाऊन बसली होती. वायनरीत वर्षाकाठी हेच काय ते चार दिवस असे, की कुणी कुणावर खेकसत नाही. वहिनीने ऑफिसातला खण उघडला, खडूचा डबा उचलला, आणि डब्याखाली तिला एक कागद दिसला. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे तिला कळत होतं. तिने वाचला.

पुढच्या हंगामापासून तळघर एका बाहेरच्या तज्ज्ञाच्या ताब्यात देण्याचा तो करार होता. सगळं टाइप करून तयार, सही तेवढी राहिलेली.

ही वहिनी म्हणजे घरातली धाकटी सून. तिचा नवरा मळा बघायचा, थोरले दीर विक्री आणि ऑफिस बघायचे. त्यांना सगळे दादा म्हणत, तीही म्हणे. तळघर मात्र सासऱ्यांचं, मामंजींचं. लग्न होऊन दुसऱ्या महिन्यात वहिनी त्यांना चहा द्यायला म्हणून खाली गेली, ती अकरा वर्षं वर आलीच नाही म्हणा ना. मामंजी भारी तिरसट. अकरा वर्षांत ‘छान’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, फार तर ‘चालेल’ म्हणायचे, आणि तेही दुसरीकडे बघत. पण शिकवलं त्यांनी सगळं. आदल्या हिवाळ्यात ते गेले, आणि तळघराची किल्ली वहिनीच्या कमरेला आली. हा तिचा एकटीचा पहिला हंगाम. आणि काय हंगाम. वाइन अशी उतरली होती की चाखणारे घोट तोंडात घेऊन गप्प बसायचे. पाचव्या टाकीचं तर विचारूच नका. मामंजींच्या नावाच्या जागी आता बाटलीवर वहिनीचं नाव येणार, हे सगळे धरून चालले होते. तीसुद्धा. आरशासमोर उभी राहून तिने ते नाव दोनतीनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं, हे मला तिनेच सांगितलं.

कागद हातात असतानाच दादा आत आले. लपवाछपवीचा त्यांचा स्वभाव नाही. ते सरळ म्हणाले की वाइन चांगली झाली हे खरं, पण एखाद्या वर्षी नशिबानेही होते. बाबांच्या जागेवर माणूस खात्रीचा हवा. आज ते स्वतः फेरीला येणार होते. फेरी बघून, सगळ्यांचं ऐकून मग सही करायची की नाही ते ठरवणार होते. वहिनीने कागद खाली ठेवला, खडू घेतला, आणि एवढंच म्हणाली, “या ना. बघा.” मान मात्र तिने ताठ ठेवली होती.

फेरी म्हणजे चुकांची फेरी. मामंजींनी पाडलेली पद्धत. हंगाम संपून टाक्या रिकाम्या झाल्या, की एके दुपारी तळघरातल्या सगळ्यांनी खाली जायचं. माल ज्या क्रमाने आला त्या क्रमाने टाकीपुढे थांबायचं. ज्याच्या हातून त्या टाकीवर काही चुकलं असेल, त्याने टाकीवर पंजा ठेवून आपली चूक मोठ्याने सांगायची. बाकीच्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. दोष द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, ‘मी नव्हतो’, ‘असं झालंच नाही’, काही नाही. फेरी संपेपर्यंत गप्प. मुख्य माणसाने ती चूक जशीच्या तशी पुन्हा म्हणायची आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते टाकीवर खडूने लिहायचं. मुख्याची स्वतःची चूक सगळ्यांत शेवटी. कागदावर लिहिलेलं कपाटात जातं, टाकीवर लिहिलेलं रोज डोळ्यांपुढे राहतं, असं मामंजींचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. त्या वायनरीत एकच चूक दोनदा झाल्याचं कुणाला आठवत नाही.

तर निघाले सगळे. वहिनी, दादा, नाना, पंप चालवणारी पंपवाली, आणि साखर-आम्ल मोजणारा चष्मिस. मोजून पाच माणसं. सर्वांत पुढे नाना, हातात मेणबत्ती, तीही गुडघ्याशी धरलेली. तळघरात दिवे आहेत हो. पण द्राक्षाचा रस आंबताना एक वायू सुटतो, जड असतो, जमिनीलगत साचतो, त्याला ना रंग ना वास. मेणबत्ती गुडघ्याशी विझली की माणसाने तिथूनच माघारी फिरायचं. आता सहा आठवड्यांनी कसला वायू, पण नानाची सवय. तेवीस पायऱ्या. सातव्या पायरीपर्यंत ऊन सोबत येतं, मग राहतं मागे.

खाली गारवा होता. ओल्या लाकडाचा, सिमेंटचा, जुन्या वाइनचा वास. पाच सिमेंटच्या टाक्या एका रांगेत, प्रत्येक दीड पुरुष उंच, त्यांच्या तोंडांवरून फळ्यांची वाट गेलेली. पलीकडे पिंपं, आणि त्यांच्यापलीकडे दिव्याचा उजेड पोचत नाही असा कोपरा. कुठेतरी थेंब पडत होता. दादांनी विचारलं, नळ गळतोय का. नाना म्हणाला, हे दगड हिवाळ्यात पाझरतात.

पहिल्या टाकीवर चष्मिसने पंजा ठेवला. घसा साफ केला. त्याची चूक अशी की यीस्ट भिजवलेली बादली त्याने खिडकीत उघडीच ठेवली आणि तो चहाला गेला. ऊन थेट बादलीवर. परत आला तेव्हा बादली सावलीत सरकवलेली होती, वर ओलं फडकं घातलेलं. वहिनी जिना उतरून खाली जाताना त्याला पाठमोऱ्या दिसल्या. त्याने हाक मारून माफी मागितली, पण त्या वळल्या नाहीत, म्हणजे फार रागावल्या असणार. “चूक माझी. वहिनींनी सांभाळली,” तो म्हणाला.

वहिनीला काही आठवेना. पण हंगामात माणसाला स्वतःचं जेवण झालं की नाही तेही आठवत नाही, तेव्हा केलं असेल आपण, असं तिने धरलं. दादा तिच्याकडे बघून मान हलवत होते. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तिने चूक पुन्हा म्हटली आणि टाकीवर लिहिलं, ‘यीस्टची बादली सावलीत, झाकून.’

दुसऱ्या टाकीला पंपवाली पुढे झाली. बाई एरवी तोंडाळ, पंपापेक्षा तिचाच आवाज मोठा, पण फेरीत तीही हळू बोलायची. एकदा रसाची नळी न धुताच ती घरी गेली होती. नळीत रस राहिला की तो आंबतो, आणि पुढच्या टाकीत घाण जाते. सकाळी धावत आली तर नळी धुतलेली, वेटोळी करून टांगलेली, टोक खाली सोडलेलं, थेंब निथळावा म्हणून. आणि वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून दुसरी नळी धूत होत्या. दोनदा हाका मारल्या. वळल्या नाहीत. “त्या दिवशी अंगात ताप होता वहिनींच्या,” पंपवाली म्हणाली. “तशा तापात आल्या. मला लाज वाटली.”

दादांच्या तोंडून ‘वा’ निघता निघता राहिलं. वहिनीच्या हातातला खडू मात्र थांबला होता. तो तापाचा दिवस तिला चांगला आठवत होता. त्या दिवशी ती घरी होती, पांघरुणाखाली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. पाणी प्यायलासुद्धा उठली नव्हती.

बोलायचं नाही, हा नियम. तिने चूक पुन्हा म्हटली. आवाज तिला स्वतःचाच नीट ओळखू येईना. लिहिलं, ‘नळी धुतल्याशिवाय दिवस संपत नाही.’

तिसऱ्या टाकीवर जरा हायसं वाटलं. चष्मिसने दोन दिवस दुसऱ्या टाकीची साखर तिसरीच्या नावावर लिहिली होती, आणि त्याचं त्यालाच कळून त्याने ती दुरुस्त केली होती. यात कुणी पाठमोरं नव्हतं. पंपवालीने हसू दाबलं. वहिनीने लांब श्वास घेतला आणि मनाशी म्हटलं, तापात माणूस उठून जातो, करतो, विसरतो, असंही होतं. होत असेल. वर उन्हात असती तर तिला ते पटलंही असतं.

चौथी टाकी पुन्हा पंपवालीची. वाइन पिंपांत उपसायच्या दिवशी तिने भलताच व्हॉल्व्ह फिरवला. एवढी टाकीभर वाइन गटारात जायची. तोंड उघडून ओरडणार, तोच मागून एक हात आला, तिच्या हातावर बसला आणि व्हॉल्व्ह बंद झाला. थेंब सांडला नाही. “वहिनींचा हात मी ओळखते,” ती म्हणाली. “अंगठ्याशी भाजल्याचा डाग आहे. कोपरापर्यंत जांभळा झाला होता... गार होता, फार गार. मी वळले तर वहिनी पिंपांकडे चालत गेलेल्या. तिकडे...” तिने कोपऱ्याकडे बघितलं आणि वाक्य तसंच सोडलं.

वहिनीने आपला अंगठा मुठीत घेतला. त्या दिवशी वाइन उपसायला सुरुवात झाली तेव्हा ती वर प्रयोगशाळेत चष्मिसबरोबर होती. चष्मिसलाही आठवत असावं. त्याने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. पण त्यालाही बोलायची मुभा नव्हती.

आता तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, कारण तिनेच ते मला सांगितलंय आणि त्यात लपवण्यासारखं ती काही मानत नाही. भीती होतीच. पण भीतीच्या आधी आला तो मत्सर. ही जी कोण आहे तिचं काम चोख होतं. नळीचं टोक खाली सोडणं, बादली न उचलता सरकवणं म्हणजे यीस्ट ढवळलं जात नाही, हे बारकावे मामंजी गेल्यावर एकट्या वहिनीला येत होते. असं ती समजत होती. आणि तिसरी गोष्ट म्हणजे दादा. प्रत्येक टाकीगणिक त्यांचा चेहरा खुलत चालला होता. आणखी एक टाकी गप्प राहायचं, बस. करार फाटणार, किल्ली राहणार, बाटलीवर नाव येणार. नियम तरी काय सांगतो, गप्प राहा म्हणूनच ना.

पाचव्या टाकीपाशी सगळे थांबले. हंगामातली सर्वांत सुंदर वाइन हिची. नानाने मेणबत्ती खाली जमिनीवर ठेवली आणि पंजा टाकीवर टेकवला. थेंब पडत होता. चष्मिसचा श्वास ऐकू येत होता.

“तोडणीचा नववा दिवस,” नाना म्हणाला. “संध्याकाळी दोन गाड्या एकदम आल्या. वहिनी वर टेबलाशी घड निवडत होत्या. मी त्यांना विचारलं, पाचवीची टोपी मोडायची का. त्या म्हणाल्या, तुम्ही बघा. मी तिथून निघालो तो सरळ खाली आलो. मध्ये कुठे थांबलो नाही...”

टोपी म्हणजे सालांची. रस आंबायला लागला की सालं वर येतात आणि जाड थर धरतात. तो दांड्याने दाबून रसात बुडवावा लागतो, दिवसातून चार वेळा.

“खाली वहिनी होत्या. वर फळ्यांवर. माझ्याकडे पाठ. टोपी मोडत होत्या...” नानाचा आवाज अगदी खाली गेला होता. “मी हाक मारायला हवी होती. वर जाऊन बघायला हवं होतं, टेबलाशी कोण आहे. मी काही केलं नाही. उभा राहून बघत बसलो. दांडा असा चालत होता... एक थेंब उडत नव्हता. तसं काम मी बाबांच्या हयातीत पाहिलं, त्यानंतर नाही. मला अभिमान वाटत होता, वहिनी. म्हणून बघत बसलो. ही माझी चूक.”

दादांना हे जरा जडच गेलं. ते तळघरातले नव्हेत, शांतता त्यांना सोसत नाही. नियम मोडून ते हसले आणि म्हणाले की नाना, तुमचं वय झालं, वहिनी तुमच्या मागून येऊन पुढे निघून गेली असेल. नानाने त्यांच्याकडे बघितलं नाही. तळघरात उतरायला जिना एकच आहे आणि तो एका माणसापुरताच रुंद आहे, हे दादा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

उरली वहिनीची चूक. तिने टाकीवर पंजा ठेवला. सिमेंट गार होतं, असायला हवं तेवढंच. तिने एकदा दादांकडे बघितलं, एकदा हातातल्या खडूकडे. आणि मग सगळं सांगून टाकलं.

प्रत्येक टाकीच्या पोटातून गार पाण्याची नळी फिरवलेली असते. आंबणारा रस तापतो. पाणी सोडून त्याला आवरलं नाही तर यीस्ट मरतं आणि टाकी हातची जाते. त्या नवव्या दिवशी वहिनीने पाचवीचं पाणी बंद करून चौथीकडे वळवलं होतं, घटकाभरासाठी, आणि मग ती साफ विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना आठवलं. फणी केसांत तशीच ठेवून ती पळत सुटली. टाकी उकळलेली असणार, मेलेली असणार, हे ठरलेलंच. पण टाकी व्यवस्थित होती. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलेला, आणि तोही पाव फेरा. तापलेल्या टाकीत एकदम गार पाणी सोडलं तर यीस्टला धक्का बसतो, पाव फेराच उघडायचा असतो. “घाबरून मी उघडलं असतं तर पूर्ण उघडलं असतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, नाना, तुम्ही केलंत आणि माझी लाज राखलीत. विचारलं असतं तर चूक कबूल करावी लागली असती, म्हणून मी विचारलं नाही. ही एक चूक. दुसरी आत्ताची. बादली मी झाकली नाही. नळी मी धुतली नाही. तो हात माझा नव्हता. आणि चार टाक्या मी गप्प बसून कौतुक घेत राहिले.”

बोलून झालं आणि तिला एकदम हलकं वाटलं. भीती गेली नव्हती, पण पाठ ताठ झाली होती. आपल्या तोंडाने आपलं नुकसान करून घेतलं याचाही माणसाला अभिमान वाटतो, हे तिला तेव्हा कळलं.

आता लिहायचं. टाकीचा दर्शनी भाग इतक्या वर्षांच्या मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडला होता, म्हणून ती बाजूला झाली आणि भिंतीकडच्या अंगाला गेली. खडू टेकवला. आणि तशीच उभी राहिली.

“वहिनी...” नाना म्हणाला.

तिथे आधीच लिहिलेलं होतं. खडूने, ठसठशीत. ‘पाणी विसरली. पाव फेरा.’ बोट लावलं तर भुकटी बोटाला आली, इतकं ताजं. आणि अक्षर वहिनीचं. तिचा ‘ण’ जरा तिरका पडतो, मामंजी त्यावरून तिला हटकायचे. तोही तसाच तिरका.

खडू संपला होता, बरं का. म्हणून तर ती ऑफिसात गेली होती. तळघराची किल्ली आठवडाभर तिच्या कमरेची सुटली नव्हती.

त्याच वेळी जमिनीवरची मेणबत्ती विझली. फडफडली नाही, वाकली नाही, ज्योत बारीक होत होत गेली, वायू चढल्यावर जाते तशी. नानाने हात पसरून सगळ्यांना मागे सारलं. “पळायचं नाही,” तो हळूच म्हणाला. “पळालं की श्वास जास्त लागतो. एकेक करून जिना चढा. कोपऱ्याकडे बघू नका.” सगळे चढले. वहिनी शेवटी, कारण मुख्य माणूस शेवटी निघतो. मागे तिने बघितलं नाही. पण तेविसाव्या पायरीपर्यंत तिला आपल्या पावलांचा आवाज जरा जास्तच वाटत होता.

उन्हात आल्यावर दादांनी आधी दोन मिनिटं कपाळ पुसलं, आणि मग ते मोठ्याने बोलायला लागले. माणूस व्यवहारी, त्यांनी जे पाहिलं त्याचा त्यांच्या परीने अर्थ लावला. चूक फेरीच्या आधीच टाकीवर लिहून ठेवली, म्हणजे लपवायचा विचारच नव्हता. आणि वर, केलेल्या कामाचं श्रेयही नको, सगळं कुणा दुसरीच्या नावावर. इतका विनय त्यांनी धंद्यात कधी बघितला नव्हता. मेणबत्ती काय, खाली हवा कोंडते, पुढच्या वर्षी मोठा पंखा बसवू. वहिनी दोनदा म्हणाली की दादा, मी खरंच ते केलं नाही. ते दोन्ही वेळा हसले. ऑफिसातून त्यांनी तो करार आणला आणि तिच्यादेखत त्याचे चार तुकडे केले.

“बाबांनी माणूस बरोबर निवडला होता,” ते म्हणाले. “तळघर तुझं. नाव बाटलीवर तुझंच येणार.”

पंपवालीने डोळे पुसले. चष्मिसने टाळी वाजवायला हात उचलले आणि एकट्यानेच कसं वाजवायचं म्हणून खाली घेतले. नाना वहिनीकडे बघत होता, आणि त्या नजरेत कौतुक होतं आणि बरंच काही होतं. वहिनीला तर हसू आवरेना. काही म्हणा, अकरा वर्षं खाली वाकून काम केल्यावर माणसाला एकदा ताठ चालत घरी जाता येतं. कमरेची किल्ली खुळखुळवत ती चढ चढून घराकडे निघाली. तळघरातलं तळघरात, उद्या बघू, असं तिने ठरवून टाकलं. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं.

सासूबाई ओट्यावर बसून मोजा विणत होत्या. नजर शाबूत, कान शाबूत, बोलणं मोजकं. त्यांच्या बाजूला गरम पाण्याचं घमेलं आणि कापलेलं लिंबू. तळघरातून येणाऱ्याचे हात रंगलेले असतात, म्हणून हे त्या रोज काढून ठेवायच्या, लग्न होऊन आल्यापासून. वहिनी खडूचे हात पाण्यात घालायला वाकली. पाणी गडद जांभळं होतं, आणि त्यावर एक द्राक्षाचं साल तरंगत होतं, ताजं, टचटचीत.

“परत धुणार?” सासूबाईंनी विचारलं.

वहिनीने हात मागे घेतले. परत म्हणजे काय, असं तिने विचारलं. सासूबाईंनी सुया थांबवल्या. मग त्या सांगत गेल्या, अगदी साधेपणाने, जसं काही दोघींना माहीतच असलेलं. हंगाम सुरू झाल्यापासून ती रोज दोनदा हात धुवायला यायची. आधी यायची ती गप्प, कोपरापर्यंत जांभळी, मान खाली, विचारलं तरी बोलायची नाही. नंतर यायची ती ही अशी, बडबड करत. सासूबाईंना वाटायचं, दमते बिचारी, दोन फेऱ्या करते. आणि दमली तरी एक शब्द तक्रारीचा नाही, याचा त्यांना फार अभिमान वाटायचा.

“आज मात्र पहिल्यांदा बोललीस गं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “किती छान हसलीस. म्हणालीस, आई, जागा पक्की झाली... आता खाली जायला नको, आता इथेच राहते.”

वहिनीने विचारलं, “केव्हा, आई?”

“आत्ता. तू फाटकातून यायच्या जरा आधी.” सासूबाईंनी सुई उंबऱ्याकडे दाखवली, आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आत जाऊन पडते म्हणालीस ना... मग तू बाहेरून कशी आलीस?”

आतल्या खोलीत कुणीतरी खिडकी लावून घेतली.